सहाशेवा आवाज

हे कोणालाही पटणार नाही, पैज लावून सांगावं इतकं पटणार नाही. पण शिरोलीच्या माळावरच्या ‘घंटानाद’ या कर्णे बनवणाऱ्या कंपनीत एका चालत्या खुर्चीने कर्मचारी धवळीकरांना बसल्या बसल्या उचललं आणि थेट फाटकाबाहेर नेऊन सोडलं. हातातला चहासुद्धा सांडला नाही.

त्याचं मूळ होतं पद्मजा इनामदारने बनवलेल्या ‘स्वरपारखी’त. कंपनीतलं काय आवडतं, काय नावडतं, हे कागदावर कोणी खरं लिहीत नाही. म्हणून हे यंत्र तोंडी विचारायचं आणि आवाजातला कंप मोजायचं. खोटं बोलताना स्वरतंतू आखडतात, कंप वाढतो.

“आणि नावड कळली की?” ज्येष्ठ ध्वनितज्ज्ञ मुजावर सरांनी चाचणीच्या दिवशी विचारलं होतं.

“ती संपवायची. निम्म्याहून जास्त लोकांना नावडली तर वस्तू हलवायची. कमी लोकांना नावडली तर ते लोक खुर्चीसकट हलवायचे. बरोबर निम्मे-निम्मे झाले तर कोणीच हलायचं नाही.”

“घाबरल्यावरही स्वरतंतू आखडतात, पद्मजाबाई. यंत्राला फरक कळेल?”

“इथे कोण कशाला घाबरतंय, सर? मी त्याला माझाच आवाज दिलाय. घरचं कोणी बोलतंय असं वाटेल.”

आज सकाळी पहिल्याच प्रश्नात कँटीनचा उपमा गेला. सहाशे एक जणांपैकी चारशे जणांना नावडत होता, टाळ्या पडल्या. दुसरा प्रश्न शुक्रवारच्या सक्तीच्या अंताक्षरीचा. “आवडते” म्हणताना एकट्या धवळीकरांचा आवाज थरथरला. खुर्ची संथपणे निघाली. लोक खिडक्यांतून बघू लागले.

तिसरा प्रश्न होता, “इथे काम करायला आवडतं?”

धवळीकर फाटकाबाहेर पोचले तोवर दोनशे नव्याण्णव जणांची उत्तरं झाली होती, सगळी खरी. धवळीकरांमागे फाटक बंद झालेलं पाहिल्यावर मात्र प्रत्येक जण “आवडतं” म्हणायचा आणि यंत्राच्या काचेच्या खोलीतून पद्मजाच्या आवाजात उत्तर यायचं, “खोटं.” मुजावर सरांनाही तेच ऐकावं लागलं. वीस वर्षं त्यांनी सुट्टीच्या दिवशीसुद्धा इथे येऊन कर्णे जुळवले होते.

आता खोटी तीनशे, खरी दोनशे नव्याण्णव. उरली होती पद्मजा.

“बंद करा ना ते,” ती सरांच्या कानात कुजबुजली.

“प्रश्न सुरू असताना बंद होऊ नये, अशी सोय तुम्हीच केलीत. तुमचं खरं निघालं तर निम्मे-निम्मे. सगळे वाचलो.”

“आणि खोटं निघालं तर?”

“निम्म्याहून जास्त लोकांना कंपनी नावडते. मग वस्तू हलणार.” सरांनी छताकडे पाहिलं. “वस्तू म्हणजे कंपनी, सहाशे खुर्च्यांसकट. खरं आहे तेच बोला, बाई. आवडतं ना तुम्हाला?”

आवडत होतं! एक वाजता आठ डबे एकत्र उघडायचे ते आवडत होतं. हट्टी ध्वनिलहर तीन दिवसांनी सरळ झाली की मुजावर सर टेबल वाजवायचे, तेही. शुक्रवारची अंताक्षरीसुद्धा, देवाशपथ.

ती काचेच्या खोलीत शिरली. बाहेर सहाशे खुर्च्यांच्या चाकांची कुलपं एकदम उघडली. ती पाणी प्यायली, तिने दहा आकडे मोजले, पुन्हा मोजले.

“इथे काम करायला आवडतं?” तिच्याच आवाजाने विचारलं.

“आवडतं,” पद्मजा म्हणाली. “खूप आवडतं.”

आयुष्यात इतकं खरं ती कधी बोलली नव्हती.

“खोटं.”