परवानगी कुणाची

बस अशी, खिडकीपाशी. दिवा लावते, आभाळ भरून आलंय, भर दुपारी अंधारलं बघ. दुकान बंद करून तू मला न्यायला आलीस, बरं वाटलं. फोनवर रोज ‘येते, येते’ म्हणून मी तुला टोलवत राहिले. ते का, हे न सांगताच उठले तर तू मला वेडी म्हणशील. सांगितल्यावरही म्हणशील, पण निदान ऐकून तरी म्हण.

माझा स्वभाव तुझ्याइतका कुणाला ठाऊक आहे? आपण दोघी एकाच टेबलावर बसून लोकांचे बिघडलेले संगणक खोलतो. भूतखेत माझ्या गावीही नाही. वायर सैल असते नाहीतर माणूस ढिला असतो, तिसरं काही नसतं, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. त्या दिवशीही मी तेच मनात धरून इथे, भावाच्या घरी, आले होते.

काम अगदी साधं होतं. भावाचा फोन आला, “ताई, पोरीसाठी इंटरनेटला कुलूप बसवलंय. घाणेरड्या साइट खरंच बंद होतात का, एकदा बघून जा.” सुट्टीचा दिवस होता. म्हटलं, जेवायलाच येते. आल्या आल्या भावजयीने वाढलं, जेवण झालं, आणि ताटं उचलल्यावर याच टेबलावर मी पोरीचा टॅब घेऊन बसले.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. आहे अकरा वर्षांची, पण जन्मापासून एका जागी बसलेली नाही. चाकांचे बूट घालून दिवसभर गल्लीत घिरट्या. त्या दिवशी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन शांत बसली होती. मला वाटलं, पोट जड झालं असेल.

आता हे कुलूप कसं असतं, तुला सांगायला नको. नको ती साइट उघडायला गेलं की पडदा बंद. मुलाला ती हवीच असेल तर ‘परवानगी मागा’ असं बटण दाबायचं, आईबापांच्या फोनवर विचारणा जाते, ते हो म्हणतात नाहीतर नाही. आणि ही कुलपं किती पाण्यात असतात तेही आपण बघितलंय. नुसती चाळणी. घाण खाली गळते आणि आजारपणाची साधी माहिती वर अडकते. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

म्हणून मी पोरीला आत पिटाळलं आणि लागले कामाला. हसू नकोस. पन्नाशीची बाई भावाच्या घरी, भर दुपारी, एकामागून एक नको नको ते शब्द टाइप करतेय, आणि भावजय पाठ करून तेच ताट पुन्हा पुन्हा पुसतेय. भाऊ तर पेपरात तोंड खुपसून बसला होता. मी सगळ्या चोरवाटा वापरल्या. शब्द मोडून लिहिले, परक्या लिपीत लिहिले, चित्रांतून शिरले, आडबाजूच्या साइटवरून वळसा घेतला. एकही उघडली नाही. एकही नाही, अगं. असं मी आजवर बघितलेलं नाही.

“शंभर नंबरी आहे,” मी म्हटलं. “कुठून आणलंस?”

भाऊ खूश झाला. भावजय झाली नाही. ती ताट ठेवून माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “ताई... चांगल्याही बंद होतात.”

मग तिने एकेक दाखवल्या. स्केटिंगच्या क्लासची साइट बंद. पोहण्याच्या तलावाची बंद. मैत्रिणीच्या घरापर्यंतचा रस्ता नकाशावर शोधला, तोही बंद. शाळेची साइट उघडत होती, पण तिच्यातलं सहलीचं पान बंद. त्याच संध्याकाळी शाळेची बस निघणार होती, चार दिवसांची सहल. प्रत्येक बंद पानावर दोनच शब्द होते, ‘आत्ता नको.’

माझ्या भुवया वर गेल्या. कंपन्या असं लिहीत नाहीत. त्यांचं ते लांबलचक, सरकारी नोटिशीसारखं असतं. हे कुणीतरी हाताने लिहिलेलं होतं.

“हे शब्द कुणी घातले?” मी विचारलं.

“हिने,” भाऊ म्हणाला.

“मी नाही हो, यांनी,” भावजय म्हणाली.

“पासवर्ड कुणाकडे आहे?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याला वाटत होतं तिच्याकडे आहे. तिला वाटत होतं त्याच्याकडे. टॅब घेतला त्या दुकानातल्या माणसाने येऊन बसवून दिलं, त्या वेळी दोघंही घाईत होते, आणि तेव्हापासून पासवर्ड विचारायची वेळच आली नव्हती. कारण सगळं सुरळीत चाललं होतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, म्हणतात ना, तसला प्रकार.

“मग पोरगी परवानगी मागते, तेव्हा उत्तर कोण देतं?”

“हीच देत असेल...” भाऊ म्हणाला, आणि मध्येच थांबला. भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या फोनवर आजवर एकही विचारणा आलेली नव्हती, त्याच्याही नव्हती. दोघांनी फोन माझ्यापुढे ठेवले. मी उलटेपालटे करून बघितले. काही नाही.

पोरीला बाहेर बोलावलं. म्हटलं, “भिंगरे, तू परवानगी मागतेस ना गं, मग पुढे काय होतं?”

“आई लगेच उत्तर देते,” ती म्हणाली.

“रोज?”

“रोज. रागावत नाही. नीट समजावून सांगते. एवढ्यात कशाला, घर आहे ना, असं म्हणते.”

भावजयीने तोंडावर पदर धरला. भुताबिताचा विचारही मनात नव्हता तेव्हा. मला दिसत होता एक माणूस, कुठल्यातरी खोलीत बसलेला, अकरा वर्षांच्या पोरीशी आई बनून बोलणारा. भूत परवडलं. आणि मग एकेक आठवायला लागलं. पोरीने स्केटिंग सोडलं होतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नव्हती. कितीतरी दिवसांत शाळा सोडून कुठे पाऊलच टाकलं नव्हतं, आणि हे दोघं सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, पोरगी शहाणी झाली, घरात बसायला लागली. मीही फोनवर ‘वा वा’ म्हटलं होतं.

“शेजारचं कुणीतरी घुसलंय,” मी म्हटलं. “आत्ता पकडते.”

इंटरनेटची डबी खाली उतरवली, तिची वायर उपटली. सगळ्यांचे फोन बंद करून टेबलावर रांगेने मांडले. टॅबवरची नेटची खूण गेली, मी दोनदा बघितलं. मग पोरीला म्हटलं, “आता विचार. सहलीला जाऊ का, विचार.”

तिने बटण दाबलं. आम्ही चौघं टेबलाभोवती उभे होतो. बाहेरचा आवाज कुठे गेला कोण जाणे. आणि मला वास आला... इस्त्रीचा. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा गरम, कोरडा वास असतो ना, तो. घरात कुणी इस्त्री करत नव्हतं. भावजयीनेही मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं, म्हणजे तिलाही आला होता.

टॅब किणकिणला.

‘आत्ता नको.’

वायर माझ्या हातात होती, अगं. दोन्ही टोकं माझ्या हातात होती. मी सैल वायर शोधणारी बाई, आणि माझ्या मुठीतल्या वायरीला जोडलेलं काहीच नव्हतं. आधीच कुठेतरी उत्तरं भरून ठेवली असतील, असं मी म्हणाले खरी, पण माझं मलाच पटलं नाही.

“ताई...” भावजय कुजबुजली, “हिला आज राहू दे का घरी? काही वाईट असेल म्हणून तर अडवत नसेल ना...”

दोघं माझ्याकडे बघायला लागले, जाणती मीच ना. इथेच तर घोडं पेंड खातं. समज, सहलीत खरंच काही व्हायचं असलं तर? आणि नसलं, आज ऐकलं, तर पोरगी पुन्हा कधी बाहेर पडणार? उद्या शाळेचं पानही बंद होईल. मी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसली होती, गुडघ्यावर हनुवटी. तिला वाईट वाटलेलं नव्हतं, याची मला जास्त भीती वाटली.

“जाणार,” मी म्हटलं. “पिशवी भरा तिची.”

ते कुलूप मी मुळापासून उपटलं. टॅब धुवून पुसून कोरा केला, दुकानातून आला तेव्हा होता तसा. पडदा काळा करून बंद केला. भावाने पिशवी घेतली, भावजयीने पोरीला बूट घातले. दारापर्यंत आली, आणि उंबऱ्यावर थांबली. आम्ही ढकललं नाही, ओढलं नाही, नुसतं चल चल म्हणत होतो. पण तिचं पाऊलच उचलेना.

“आत्या, विचारल्याशिवाय?” ती म्हणाली.

मला राग आला. “मी मोठी आहे ना घरात? मी सांगते, जा.”

तिने टेबलाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत इतकी अजिजी होती, मला नाही म्हणवलं नाही. तिने बंद टॅब हातात घेतला. बटण कुठे दाबणार, पडदाच मेलेला. ती नुसतीच काळ्या काचेकडे बघून, हळू आवाजात बोलली, “जाऊ का?”

पुन्हा तो वास. या वेळी माझ्या अगदी खांद्यामागून. आणि बंद पडद्यावर अक्षरं आली.

‘जा. आत्या आहे इथे.’

पोरीने वाचलं आणि उडीच मारली. टॅब माझ्या हातात कोंबला, गळ्यात पडली, आणि पायऱ्या उतरून पळत सुटली, पिशवी घेऊन बाप मागे. कितीतरी दिवसांनी भिंगरी फिरली. भावजय रडत हसत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू. त्या घटकेला मला त्या शब्दांचं काही वाटलंच नाही. आत्या आहे, खरंच तर होती.

बस गेली. मी चप्पल पायात घातली, पर्स खांद्याला लावली. भावजय म्हणाली, चहा घेऊन जा. घेतला. मग म्हटलं, जरा टेकते. मग म्हटलं, उद्या सकाळी जाते.

पोरगी सहलीहून सुखरूप आली. रंगली होती नुसती, बडबड थांबेना. आता सकाळची शाळा सुटली की पुन्हा चाकांचे बूट घालून गल्लीत असते, आत्ताही तिथेच आहे. काही वाईट व्हायचं नव्हतंच बाहेर. मग कशासाठी अडवत होतं, कोण अडवत होतं, मला आजही कळत नाही. मी डोकं चालवून थकले.

आणि मी? मला कुणी बांधलेलं नाही. दार उघडं असतं. भावजय दोनदा म्हणाली, ताई, तुमच्या दुकानाचं काय? मी मनात डोकावते, आणि तिथे जायची इच्छाच सापडत नाही. तुला कसं सांगू... भूक लागलेली नसली की जेवणाचं नाव काढवत नाही, तसं. माझी खोली, आपलं दुकान, तू, सगळं आठवतं. पण आठवून काही होत नाही. कधी वाटतं, मला सुखच लागलंय इथे, उगाच का घाबरायचं. कधी वाटतं, माझ्या आतलं काहीतरी कुणीतरी बंद करून ठेवलंय, आणि ते काय होतं तेही मला आता दिसत नाही.

आता हेच बघ ना, मजेची गोष्ट. तुला हे सांगता सांगता माझा जीव हलका होत गेला. आणि आत्ता, खरं सांगते, मला आपल्या दुकानाची आठवण आली. खरी आठवण, पोटातून. ते टेबल, तो जळक्या तारेचा वास. मला घरी जायचंय, अगं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटतंय मला. चल, निघूच. भावजयीला फोन करून कळवू.

ही बघ, घातली चप्पल. दारही उघडलं. छान वारा सुटलाय. ऊठ ना. तुझ्या लेकाची शाळा सुटली असेल, फाटकाशी उभा असेल बिचारा, मघापासून तुझा फोन वाजतोय. घे तरी.

अगं, पाय वर घेऊन काय बसलीस?

चादरी... अंथरायच्या चादरी त्या कपाटात असतात, वरच्या फळीवर. पण तू का विचारतेस?