हळदीचे छर्रे

"विशाखा, आधी छर्‍याला विचार, मग माणसाला."

तिला नेमबाजी शिकवणारे वसंतराव सर आता नव्हते, पण नांदेडच्या त्या छोट्या नेमबाजी केंद्राचं दार उघडताना विशाखाला हे वाक्य रोज ऐकू यायचं. आज दार आधीच उघडं होतं. आत तनुजा फरशीवर बसली होती. पुढ्यात एअर रायफल आणि लातूरच्या सामन्यातला निशाणाचा कागद.

"मॅडम, उद्या लातूरला शेवटची निवड. मी जात न्हाई. पण सोडायच्या आधी मुग्धाची तक्रार करणार."

"काय केलं तिनं?" मुग्धाही याच केंद्रातली नेमबाज.

"दर वेळी बसमधी माझी बॅग तिच्याच मांडीवर असती. रायफलची नेम धरायची साईट फिरवती ती. इथं सरावात माझे छर्रे एकाच भोकातून जातात. लातूरला गेलं की वाट्टेल तिकडं!"

विशाखानं कागद उजेडात धरला. भोकं वर, खाली, डावीकडं, उजवीकडं.

"साईट फिरवली असती तर सगळी भोकं मिळून एका बाजूला सरकली असती. ही तर रानोमाळ झालीत."

"मंग मीच फुकट हाय म्हणा!" तनुजाला हुंदका आवरेना.

"सामन्याचे छर्रे वेगळे असतात का?"

"तेच असतात. सरावाचे इथं कपाटात. सामन्याची डबी घरी, देवघरात. तिथं आईशिवाय कुणाचा हात लागत न्हाई."

गेल्या वेळी लातूरहून परत आलेली डबी अजून तनुजाच्या बॅगेतच होती. विशाखानं टेबलावरची काच जराशी तिरकी केली आणि सरावाचे छर्रे सोडले. सगळे एकसारखं वळण घेत घरंगळले. मग सामन्याचे सोडले. ते लंगडत, अडखळत गेले.

तिनं एक छर्रा भिंगाखाली धरला. मागचा पातळ घेर चेपला होता. आतल्या कडेला पिवळसर काहीतरी लागलं होतं.

"बघा! मुग्धानंच चेपले!"

"हाव, मीच चेपले," दारातून आवाज आला. मुग्धा कधीची तिथं उभी होती. "तुझ्या डब्यातल्या दशम्या पण मीच खाल्ल्या. तेबी लिही तक्रारीत." आणि एकदम तिचा आवाज फाटला. "मॅडम, तक्रार गेली तर घरचे मला परत इथं पाठवतील का?"

विशाखानं डबी मुठीत घेतली. "कुणी काही लिहायचं नाही. तनुजा, चल घरी."

अंगणातच आवाज आला. टण. टण. टण.

तनुजाची आई सिंधुताई देवापुढं बसल्या होत्या. तोंडानं नाव, हळदीच्या चिमटीत छर्रा, खाली तांब्याचं ताम्हण. टण.

"ताई, हे कधीपासून?"

"पहिल्या सामन्यापासून. सहस्रनामाच्या एकेका नावाला एकेक वाहते, मंग पुसून डबीत भरते. पोरगी हरून आली की दोनदा म्हणते. आज तर उद्यासाठी नवी डबी घेऊन सकाळपासून बसले हाय."

विशाखा त्यांच्या शेजारी टेकली. हलक्या आवाजात म्हणाली,

"ताई, तुळस असती तर काही बिघडलं नसतं. पण छर्रा शिशाचा, लई मऊ. चिमटीत दबतो, ताम्हणात आपटतो, पुसताना आणखी दबतो. घेर चेपला की नळीतली हवा एका अंगानं निसटते, छर्रा डुलत जातो. एक इकडं, एक तिकडं. म्हणून सरावात नेम लागायचा, सामन्यात चुकायचा. आतली पिवळी रेघ तुमच्या हळदीची. ती हरली की तुम्ही जास्त वाहिलं, आणि जास्त वाहिलं म्हणून ती आणखी हरली."

सिंधुताईंचा हात ताम्हणावर तसाच राहिला.

"म्हणजे... माझ्याच हातानं?"

तनुजा आईच्या पाठीला बिलगली.

"सीलबंद डबी माझ्याकडं आहे," विशाखा म्हणाली. "उद्या तनुजा लातूरला जाणार. पण मुग्धाचं काय?"

"तीच बंदुकीशी खोड्या करती, असं गल्लीभर मीच सांगितलं," सिंधुताई देवाकडं बघत म्हणाल्या. "तिच्या दारात जाऊन माफी मागेन. तवर पाण्याचा थेंब घेणार न्हाई."

"आई, ऊन लई हाय. सांजच्याला जाऊ."

"देवापुढं बोलले, बाळा."

त्यांनी समई सारखी केली, चेपलेल्या छर्‍यांची डबी पदरात बांधली, आणि पायात चपला सरकवून एकट्याच मुग्धाच्या घराच्या वाटेला लागल्या.