बावीस किलोची सीट

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, माहितीये. पण माझ्या मोबाईलमध्ये रोजचे फोटो आहेत, तारखेसकट. आणि ज्याच्या घरी हे घडलं तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. खोटी गोष्ट रचायला डोकं लागतं, आणि ते त्याने तेव्हा अख्खंच्या अख्खं एका मोटारीत घातलं होतं.

अमावस्येची रात्र वगैरे काही नाही. गेल्या दसऱ्याचा दिवस. दुपारचे साडेबारा. जागा डहाणू तालुक्यातलं वरोर. समुद्र इतका जवळ की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास पाहुण्यासारखा घरात येऊन बसतो.

तिथे देवेशभाऊजींची चिकूची वाडी आहे. गोष्टीपुरता त्यांना देवेशच म्हणतो.

वाडीतल्या शेडमध्ये देवेशच्या काकांची, धोंडूशेटची, एकसष्ट सालची काळी मोटार तीस वर्षं पडून होती. काका गेले तेव्हापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. देवेशने कुठल्यातरी गोऱ्याचे व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, हिची हॉट रॉड करायची. म्हणजे काय, तर जुनी गाडी घ्यायची, खाली दाबायची, अंगावर ज्वाळा रंगवायच्या आणि गावाला बहिरं करायचं.

रोज सकाळी त्याचं स्टेटस यायचं. ‘दिवस ९. पत्रा ठोकला.’ ‘दिवस १४. पत्रा उलटा ठोकला गेला होता. सुलटा ठोकला.’

ज्वाळा काढायला झिपरू पेंटर आला. झिपरूचा जन्म बालवाड्यांच्या भिंतींवर फळं-भाज्या काढण्यात गेलेला. काम संपल्यावर माझी बहीण नूतन बघून म्हणाली, "भेंडी छान आलीय."

मोठं इंजिन मागवलं, तर टेम्पोतून उतरलं होडीचं. जाळ्याचा दोरा अडकलेला होता त्यात. मेकॅनिक हाल्या, डहाणूपलीकडच्या कैनाडचा, त्याने चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "बसवतो शेट. पण ब्रेकच्या जागी नांगर लागंल."

इंजिन अंगणातच राहिलं.

त्यात देवेशला हलकेपणाचं वेड. हॉट रॉड हलकी हवी म्हणे. म्हणून गाडीतून निघेल ती वस्तू चिकू तोलायच्या काट्यावर चढवायची. आरसा काढला. मागच्या डाव्या दाराची कडी काढली. मागची सीट नव्या काथ्याने भरून आणली. ‘दिवस ४४. सीट फक्त २२ किलो!!’

हा आकडा लक्षात ठेवा.

त्या घरात गाडीची खरी वाट एकच माणूस बघत होतं. कुसुमकाकू. धोंडूशेटची बायको. देवेशची आई लवकर गेली, त्याला काकूनेच वाढवलं. काकू एकोणऐंशी किलोची, आवाज खणखणीत. शुगरवर लक्ष ठेवायचं म्हणून नूतन दर शनिवारी तिला त्याच काट्यावर उभी करायची आणि आकडा भिंतीवर खडूने लिहायची.

"बघ गं," काकू म्हणायची, "ए ग्रेडमध्ये जाते की बी?"

देवेशने तिला शब्द दिला होता. गाडी तयार झाली की पहिली सवारी तुझी. त्यामुळे रोज दुपारी जेवण झालं की काकू शेडमध्ये जायची, मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायची आणि डुलकी काढायची.

"जागा धरून ठेवते," म्हणायची.

दसऱ्याला गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबं. इंजिन नव्हतं, पण व्हिडिओ तर व्हायला हवा! काकू पहिल्या सवारीला बसतेय असा व्हिडिओ. काकू नवी साडी नेसायला आत गेली.

अर्धा तास झाला. निऱ्या काही बसेनात. शेडमधलं ऊन सरकायला लागलं.

देवेश वैतागला. मोबाईल स्टुलावर उभा केला, मागचं डावं दार उघडलं आणि रिकाम्या सीटपुढे हात जोडून म्हणाला,

"या, बसा. पहिली सवारी तुमची. म्हणाल तिथं सोडतो."

चौदा सेकंदांचा व्हिडिओ. मी पाहिलाय.

मग तो मोबाईल बंद करायला वळला आणि...

मागे दार लागलं.

हलकेच. ज्या दाराला कडी नाही, ते दार. कट्.

आणि गाडी मागून डाव्या बाजूला... बसली.

दोन बोटं. कुणी आत चढल्यावर बसते ना, तशी.

"वारा असंल," हाल्या म्हणाला.

झेंडूची माळ हलतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात काकू साडी नेसून आली. दाराशी थबकली. कपाळाला आठी.

"माझ्या जागेवर कोण बसलंय रे?"

मग डोळे बारीक करून बघितलं आणि हसली. "रिकामीच आहे की. चष्मा बदलायला झाला."

त्या दिवसापासून गाडी डावीकडे कललेलीच.

हाल्याने मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा बदलला. सकाळी गाडी पुन्हा खाली. दुसरा पाटा घातला. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी हाल्याने जॅक लावला, बराच वेळ त्यावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "शेट, पाट्यात दोष नाय. वजन हाय वर."

"कसलं वजन? सीट आहे फक्त. बावीस किलो."

"मग उचला."

देवेशने सीट उचलायला घेतली.

उचलेना.

दोघांनी मिळून ओढून काढली. सीट बाहेर आली आणि गाडी चर्रर्र करत सरळ झाली... एखाद्याने सुटकेचा श्वास सोडावा तशी.

सीट काट्यावर ठेवली.

एकतीस.

"कोंबडी शिवली का काय आत?" देवेश म्हणाला. शिवण उसवली. काथ्या आणि स्प्रिंगा. बाकी काही नाही. पुन्हा काट्यावर.

एकतीस.

नूतन चिकूचे क्रेट लावत होती. तिने काट्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. आणि तिच्या हातातला क्रेट खाली पडला.

भिंतीवर काकूचे आकडे होते. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी एकोणऐंशी. आज सकाळी... सत्तर.

"नऊ इथून गेले," नूतन म्हणाली, "आणि नऊ तिथे आले."

"काहीतरीच! काकूची शुगर कमी होतेय. चांगलंय ना."

पण त्या रात्री देवेश जेवला नाही.

पुढच्या शनिवारी सीट छत्तीस. काकू पासष्ट. त्याच्या पुढच्या शनिवारी सीट त्रेचाळीस. काकू अठ्ठावन्न. दरवेळी बेरीज एकशे एक. आहेराच्या पाकिटात घालतात तो आकडा.

डहाणूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट एकदम नॉर्मल. काकूला काहीच झालं नव्हतं. काकू फक्त कमी होत होती.

हाडं दिसत नव्हती, गाल बसले नव्हते. दिसायला तशीच. आवाजही तोच, खणखणीत. पण बाजेवर बसली की बाज कुरकुरेना. रात्री उठून पाणी प्यायला गेली की कुणाला चाहूल लागेना.

एका सकाळी देवेश ओट्यावर चहा पीत होता. काकू तुळशीला पाणी घालून परत आली. देवेशने सहज अंगणातल्या वाळूकडे बघितलं.

कोंबड्यांची पावलं होती. नूतनची होती.

काकूची... नव्हती.

त्या दिवसापासून स्टेटस बंद झालं. शेवटचं माझ्याकडे आहे. ‘दिवस ९१.’ पुढे काहीच नाही.

दुपारी देवेशने सीट अंगणात ओढली. आता ती अठ्ठावन्न किलोची झाली होती. त्याने रॉकेलचा कॅन उघडला. काडी पेटवली.

"जाळू नको."

फाटकात हाल्याची आई उभी होती. भिकी. हाल्याने घरी सगळं सांगितलं होतं, म्हणून ती कैनाडहून आली होती.

"आत तुझी काकू हाय अर्धी. ती पण जळंल."

काडी देवेशच्या बोटापर्यंत आली तेव्हा कुठे त्याने टाकली.

"मग मी काय करू, भिकीबाय?"

"तू बोलावलं ना? हात जोडून? सोडतो बोलला ना? मग सोड."

"पण कुणाला? कुठं?"

भिकी उंबऱ्याच्या बाहेरच बसली. "ते मला काय म्हाईत. तुझ्या काकाची गाडी आमच्या रस्त्यानं जायची. मी पोर होती. आमच्या बाया हात करायच्या. डोक्यावर भारा, कडेवर पोर, पाय भाजतात. मागची सीट रिकामी. गाडी कधी थांबली नाय. तू म्हणाला, या बसा. कुणीतरी आली. तिला सोताचं वजन कुठलं? जिच्या जागेवर बसली, तिचं घेतलं."

मग दारातून काकूचा आवाज आला. पहिल्यांदाच बारीक.

"मी पुढे बसायचे. त्यांच्या शेजारी. मी तरी कुठे म्हटलं, थांबवा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट पुन्हा गाडीत बसवली. इंजिन नाही, म्हणून पुढे ट्रॅक्टर जोडला. ट्रॅक्टरवर हाल्या आणि भिकी. मोटारीत स्टेअरिंगला देवेश. मागे उजवीकडे काकू. डावी बाजू... रिकामी ठेवली. दार तारेने घट्ट बांधलं.

वरोर ते कैनाड. देवेश सांगतो, आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकी भीतीही. डहाणूत पोरं मोबाईल काढून उभी. एक रिक्षावाला ओरडला, "ओ शेट, भेंडीचा मळा कुठं निघाला?"

काकू मागून म्हणाली, "हसतोय तो. हसू दे. तू पुढे बघ."

मध्येच ती कुणाशी तरी बोलायची. हळू आवाजात. "उन्ह लागतंय का? इकडे सरक." असं काहीतरी.

देवेशला मागे बघायचं होतं. पण मान वळवायची हिंमत होईना. आणि आरसा त्याने स्वतःच काढून टाकला होता. हलकेपणासाठी.

कैनाडच्या अलीकडे रस्त्याला तीन ताड आहेत, ओळीत. तिथे पोचले तेव्हा बरोबर बारा वाजले होते.

ट्रॅक्टर बंद पडला.

हाल्याने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. काहीच नाही. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं...

मग देवेशला मागून आवाज आला. तार उलगडल्याचा. एक पीळ... दुसरा पीळ... सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखा.

दार उघडलं.

"थांब रे," काकू म्हणाली. "नीट उतरू दे तिला. पायात काही नाही तिच्या. रस्ता तापलाय."

गाडी डावीकडून वर आली. दोन बोटं.

आणि त्याच क्षणी उजवीकडून खाली बसली. दाणकन.

"अगं बाई!" काकूचा आवाज. खणखणीत. "कंबरडं मोडलं माझं! हे असले स्प्रिंग घालतात?"

देवेश स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला. पहिल्या झटक्यात ट्रॅक्टर सुरू झाला.

भिकी मात्र गाडीकडे बघत नव्हती. ती रस्त्याच्या कडेला बघत होती. ताडांच्या पलीकडे, लांबपर्यंत.

"चला भिकीबाय," देवेश म्हणाला. "झालं ना सगळं?"

"एक उतरली," भिकी म्हणाली. "हात करणारी काय ती एकटीच होती?"

संध्याकाळी काट्यावर वजनं केली. काकू एकोणऐंशी. सीट बावीस. ना एक इकडे, ना एक तिकडे.

देवेशने हॉट रॉड सोडली. होडीचं इंजिन एका होडीवाल्याला दिलं. मोटार शेडमध्ये आहे, भेंड्यांसकट. पण सीट परत गाडीत घातली नाही. ती काट्यावरच असते. रोज सकाळी उठल्याबरोबर तो आकड्याचा फोटो काढतो आणि मला पाठवतो. बाकी कुणाला नाही. बावीस. बावीस. बावीस. तीन महिने झाले.

इथे गोष्ट संपली असती.

गेल्या रविवारी मी वरोरला गेलो होतो. जेवण झालं, निघायची वेळ झाली. बूट शेडमध्ये होते. ते घालायला मी टेकलो. कुठे टेकलो, ते टेकल्यावर कळलं. समोर काट्यावर आकडा आला, त्र्याण्णव. म्हणजे मी एकाहत्तर.

मला हसू आलं. आमच्या घरात मीच तेवढा थट्टेखोर. हवेत स्टेअरिंग धरलं आणि म्हणालो,

"चला, बसा. कुणाला कुठं सोडू?"

कुणी हसलं नाही. नूतनने मला दंडाला धरून उठवलं.

आज सकाळी फोटो आला.

बावीस... पॉईंट चार.

मी लगेच फोन केला. देवेशभाऊजी म्हणाले, "काकू एकोणऐंशीच आहे, मनीष. नूतनचं केलं, माझं केलं. सगळ्यांचं जागच्या जागी आहे. तू एकदा करून बघतोस का?"

आमच्या घरी वजनकाटा आहे. बाथरूमच्या दाराशी.

सकाळपासून चार वेळा त्याच्यापर्यंत गेलोय.

अजून चढलो नाहीये.

आत्ता आंघोळ करून बाहेर आलो. पायपुसण्यावर नेहमी माझ्या दोन्ही पायांचे ओले ठसे उमटतात.

डावा... जरा पुसट वाटतोय.