सातव्या पानावरचा ‘मी’

राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. निशिगंधानं आपले कागद उचलले आणि ती शेजारच्या अभ्यासिकेत जाऊन बसली. सेट परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत हातानं लिहिलेली तीन पानं निघाली... कुणाची तरी कथा. नाव नव्हतं. मराठीचा अभ्यास करणाऱ्या निशिगंधानं सवयीनं समासात पेन्सिलीनं लिहिलं – उपमा. चेतनगुणोक्ती. तृतीयपुरुषी निवेदन.

“ओ मॅडम, ती माझी गोष्ट हाय की!”

झेरॉक्सच्या दुकानातून आपली पानं शोधत आलेला एक उंच तरुण दारात उभा होता. अभ्यासिकेतली सगळी डोकी वर झाली.

“हळू बोला,” ती कुजबुजली. “आणि... सॉरी. खुणा केल्यात मी.”

त्यानं पान निरखलं. “चेतनगुणोक्ती म्हंजे काय वो?”

“निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, ती. तुमच्या कथेतला टेम्पो रुसतो ना, तशी.”

“रुसतोच त्यो. रोज बघतोय की मी!”

ती हसली.

विश्वजित कुरुंदवाडचा. दुधाचा टेम्पो घेऊन कोल्हापुरात यायचा आणि माल उतरेपर्यंत कथा लिहीत बसायचा. पुढं दर गुरुवारी तो नवी कथा आणू लागला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ती खुणा करायची, तो वाद घालायचा, चहा गार व्हायचा. त्यापलीकडं कुणी काही बोललं नाही.

वर्षभरानं निशिगंधाला नांदेडच्या कॉलेजात नोकरी लागली.

“सोमवारी रुजू व्हायचंय,” ती म्हणाली.

“बरं झालं की...” त्यानं नवी कथा पुढं सरकवली आणि रस्त्याकडं बघत राहिला.

कथेत एकजण एका मुलीला निरोप देत होता. सातव्या पानावर तिची पेन्सिल थांबली. ‘ती निघाली. त्याला वाटलं, हाक मारावी. पण माझा आवाजच फुटला नाही.’

“इथं निवेदन बदललंय,” ती म्हणाली. “‘त्याचा’ हवं. ‘माझा’ झालंय.”

त्यानं वाकून पाहिलं. कान लाल झाले. “घाईत लिवलं.”

“दुरुस्त करू?”

त्यानं पानावर हात ठेवला.

“नको. तेवढंच खरं हाय.”

“मग तेवढंच सांग,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ‘सांगा’ म्हणाली नाही.

“मला तू आवडतीस. जाऊ नको म्हणणार न्हाय... पर माझी म्हणून जा.”

निशिगंधानं चारचौघांत त्याचा हात धरला.

“जाईन. घरी आज मीच सांगते. तू उद्या ये... दुपारी. बाबा घरी असतात.”