आमच्याकडे घडत नाही

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर घाईसाहेब ऑफिसला निघाले, ते फक्त एक तक्रार बंद करायला. बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली होती. मागच्या खोलीत आई पडून होती. अर्धांगवायूने एक बाजू गेल्यापासून तिची हाक उंबरठ्यापर्यंतही पोचत नसे. साहेबांनी तिच्या चांगल्या हातात घंटेचं बटण दिलं, पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "गेलो नि आलो. काही लागलं तर दाब." आईने मान हलवली. तिचा मुलावर विश्वास होता, आणि ते बटण तर मुलाच्याच टीमने बनवलेलं.

घाईसाहेब हे नाव ऑफिसने ठेवलेलं. कबूल केलेल्या दिवशी काम द्यायचं म्हणजे द्यायचं, मग आभाळ कोसळो. त्यांची टीम आजाऱ्यांच्या घंटेचं सॉफ्टवेअर करायची. बिछान्यातल्या माणसाने बटण दाबलं की बटणावर हिरवा दिवा लागतो आणि घरच्यांचा फोन वाजतो. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली प्रत्येक चूक कॉम्प्युटरवर तक्रार म्हणून नोंदवली जाई. दुरुस्ती झाली की ज्याने तक्रार उघडली त्यानेच तपासून ती बंद करायची, असा कडक नियम खुद्द साहेबांनीच केला होता. शेवटची तक्रार बंद झाली की नवी आवृत्ती आपोआप घरोघरच्या बटणांत उतरायची. आता एकच उघडी उरली होती, आणि ती उघडणारी बाई गेल्या थंडीत वारली होती.

तिला सगळे पालताई म्हणायचे. काम कितीही चोख असो, तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायचीच, आणि तोंडानेही ती तसंच 'च्च' करायची. आजारी पडल्यावरही नव्या आवृत्तीचं बटण स्वतःच्या उशाशी ठेवून ती तपासत होती. तिचं म्हणणं साधं होतं: कधीकधी बटण दाबलं तरी फोन वाजत नाही, दिवा मात्र लागतो. खाली तिने लिहिलं होतं, 'माणूस दिव्याकडे बघत वाट पाहत राहतो.' ऑफिसात सगळ्यांनी बोटं दुखेपर्यंत दाबून पाहिलं. एकदाही तसं झालं नाही. 'आमच्याकडे घडत नाही,' असं साहेबांनी तिला कळवलं, आणि तिने तक्रार उघडीच ठेवली. मग एका सकाळी ती बहिणीला बिछान्यात गार सापडली. बटण मुठीत होतं. दिवा लागला होता का, हे विचारायचं धाडस कोणालाच झालं नाही.

ऑफिस ओस पडलं होतं. पडदे ओढलेले, एसी बंद. कोंदट हवेत कुठूनसा आजाऱ्याच्या खोलीचा वास येत होता... औषधाचा, दमट चादरीचा. फरशी पुसायच्या पाण्याचा असेल, अशी साहेबांनी मनाची समजूत घातली. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिस्टीमवाल्याला फोन लावून त्यांनी पालताईचा पासवर्ड मागितला. तो अडखळला.

"साहेब, गेलेल्या माणसाच्या नावाने सही केल्यासारखं आहे हे..."

"ती काय भांडायला येणार आहे?"

पासवर्ड मिळाला. तिच्या नावाने आत शिरून साहेबांनी लिहिलं, 'तपासलं. आता घडत नाही.' तक्रार बंद झाली. नवी आवृत्ती सुटली.

पालताईच्या टेबलाकडून आवाज आला. च्च.

तिथे कोणी नव्हतं. साहेबांनी मान वळवून पुन्हा कॉम्प्युटरकडे पाहिलं, तर तक्रार उघडी. खाली एक शब्द होता: 'घडतंय.' त्यांनी बंद केली. ती पुन्हा उघडली. आता तिथे ओळी आपोआप उमटू लागल्या, थांबत थांबत, जणू लिहिणाऱ्याला दम लागत होता.

'घडतंय. न्हाणीघरात पडलोय. उठता येत नाही. दिवा लागलाय.'

'घडतंय. श्वास पुरत नाही. दिवा लागलाय, येतीलच कोणीतरी.'

हे पालताईचं लिहिणं नव्हतं. ही माणसं वेगवेगळी होती, वेगवेगळ्या घरांतली, आणि सगळी आत्ता, या क्षणी दिव्याकडे बघत होती. कोणाचा पत्ता नाही, फोन नाही. कोणाकडे धावायचं? मग पुढची ओळ आली.

'घडतंय. ठसका थांबत नाही. पाणी उशाशी आहे, हात पोचत नाही. मुलगा ऑफिसात गेलाय. दिवा लागलाय, म्हणजे त्याला कळलं.'

त्यांनी फोन पाहिला. घंटा वाजली नव्हती. फोनवर 'सर्व ठीक' एवढंच दिसत होतं.

जिना उतरता उतरता त्यांनी सिस्टीमवाल्याला फोनवर ओरडून सांगितलं, की नवी आवृत्ती मागे घे.

"सुटलं ते सुटलं, साहेब," तो हळूच म्हणाला. "आता उद्या सगळी टीम आल्याशिवाय काही होत नाही."

गर्दीतून वाट काढत घरी पोचायला अर्धा तास गेला. मागच्या खोलीत आई कुशीवर कलली होती, तोंड दाराकडे. डोळे उघडे होते. कपाळ गार पडलं होतं. शेजारचे डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, की जाऊन बराच वेळ झालाय. कोणाला कळवायचं असेल तर कळवा, असं सांगून ते निघून गेले.

साहेब बिछान्याशी बसले. आईच्या मुठीतून हिरवा उजेड झिरपत होता. त्यांनी एकेक बोट सोडवलं, बटण काढून घेतलं आणि लांब खिडकीत नेऊन ठेवलं. दिवा विझला. मग त्यांना रडू फुटलं.

"आई, आलो गं मी... आलोय," ते म्हणत राहिले.

खिडकीत दिवा पुन्हा लागला. ते बघत असतानाच विझला, आणि पुन्हा लागला. बटणाला कोणाचाही हात लागत नव्हता, आणि साहेबांच्या खिशातला फोन गप्प होता.