जांभळी चंद्रकोर

बुधवारची बैठक साडेदहाला असे. ऑपरेशनच्या आधी कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाचे कागद तिथे मांडले जात. सर्जन, औषधवाले, किरणोपचारवाले आणि पेशी तपासणारी चिमणी अशी चौघं मिळून ठरवत, काय कापायचं आणि काय वाचवायचं. चिमणी हे नाव तिला हे काम शिकवणाऱ्या बाईंनी ठेवलेलं. एका काचपट्टीवरचा दाणा टिपला की भुर्रकन दुसरीवर, म्हणून. आता तिची चाळिशी उलटली होती, बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं.

त्या बुधवारी यादीत पहिल्या होत्या टेलिफोनवाल्या मावशी. तीस वर्षं हॉस्पिटलचे फोन त्यांनीच जोडले. "थांब हं बाळा, देते," एवढं ऐकलं की माणसाचं निम्मं दुखणं पळायचं. त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ आली होती आणि तो कर्करोग आहे, असं गेल्या आठवड्यात चिमणीनंच लिहून दिलं होतं. म्हणजे स्वरयंत्र काढणं आलं. आवाज कायमचा गेला.

सकाळी नऊ वाजता तिनं मावशींच्या गाठीच्या तुकड्याची काचपट्टी ट्रेमधून काढली. काचेवर, कडेला, जांभळ्या शाईची बारीक चंद्रकोर होती.

ती खूण तिनं झोपेतही ओळखली असती. बाई स्वतः शाई बनवून तशी खूण करायच्या. तिचा अर्थ एकच: चिमणे, घाई केलीस, इथे पुन्हा बघ. पण त्या शाईची बाटली दोन वर्षं फडताळात कोरडीठाक पडली होती आणि पट्टी तर गेल्याच आठवड्यातली. कुणीतरी थट्टा केली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

खुणेच्या आत, अगदी काठाला, गुलाबी रवाळ पेशींचा लहानसा पुंजका होता.

असल्या रवाळ पेशींची साधी, निरुपद्रवी गाठ खाली दडून बसली, की वरचा थर नुसता खवळतो आणि हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेतो. बाईंनी हे शंभरदा बजावलं होतं.

बैठकीत ती उभी राहिली. "मी चुकले. हा कर्करोग नसावा. ऑपरेशन थांबवा, मला आणखी चाचण्या करू द्या."

सर्जननं चष्मा काढला. "अगं, उद्या सकाळी टेबलावर घेतोय त्यांना! नक्की ना?"

"तुम्हीच बघा. कडेला."

तो सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिला. "हे बाईंनाच दिसलं असतं," तो पुटपुटला.

चाचण्यांनीही तेच सांगितलं. तेवढी गाठ काढून टाकली, स्वरयंत्र जागच्या जागी राहिलं. पुढच्या बुधवारी, ती बैठकीला निघत असताना टेबलावरचा फोन वाजला.

"बाळा," आवाज घोगरा होता, पण मावशींचाच होता. "तू माझं तोंड बंद होऊ दिलं नाहीस गं. आता भोग!"

चिमणी हसली, आणि मग ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तोंड धुवायला ती बेसिनपाशी गेली. पाणी मारलं. मान वर केली.

आरशात तिच्या गळ्यावर, कानाच्या जरा खाली, जांभळी चंद्रकोर होती.

फडताळातल्या त्या कोरड्या बाटलीला तिनं हातही लावला नव्हता.

तिनं खुणेवर बोट टेकवलं. खाली वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. तिनं दाबून पाहिलं. दुखत नव्हतं.

"बघते, बाई," ती हळूच म्हणाली. "या वेळी घाई नाही करत."

तिनं बोट उजेडात धरलं. शाई ओली होती.