पोरीचा वारा

दिवा राहू दे, पण मधे बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या धाकट्या नणंदेचा जावई, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, त्याच्यावर गुदरलेली आहे. हातात जादू, नियत मात्र खोटी.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं त्याला घरी बोलावलं. कॉम्प्युटरमधला पंखा खडखडत होता, एवढंच काम. बाईची एकुलती एक पोरगी, एकोणीस वर्षांची, फुप्फुसांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. धूळ सोसत नाही म्हणून खिडक्या कायम बंद. तिला वारा ठाऊक होता तो एका जुन्या गेममधला. टेकडीवर झेंडे फडफडायचे, पानं भिरभिरायची. लढाई-बिढाई सोडून ती नुसती तिथं बघत राहायची.

मला शाळा नाही, पण त्यानंच नंतर सांगितलं ते सांगते. त्या डब्यात चित्रं दाखवणारं एक कार्ड असतं. त्या गेमचा वारा एकाच कंपनीच्या कार्डावर वाहतो. दुसऱ्या कंपनीचं घातलं की चित्र तेच, फक्त वारा बंद. ह्याला हे पक्कं माहीत. तरी डबा दुकानात नेला, तिचं कार्ड काढून स्वतःला ठेवलं, दुसरंच बसवून दिलं.

बाईनं पहिल्या नजरेत ओळखलं. "दादा, हे झेंड्याचं कापड पत्र्यासारखं उभंय. तीस वर्षं कापड हाताळतेय मी."

"अहो ताई, हे काय शिलाई मशीन आहे? गेम म्हातारा झाला. म्हाताऱ्याला कुठला आलाय दम!"

पोरगी उशीवरून म्हणाली, "काका, माझा वारा द्या."

हा हसला नि चपला घालून निघाला.

नवव्या दिवशी पोरगी गेली. जाताना आईला एवढंच म्हणाली, "त्याचाही काढून घेईन."

नोव्हेंबरची एकवीस, गुरुवार. बायको माहेरी. रात्री सव्वादोनला ह्यानं ते कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावलं. नीट चालतंय का बघायला तोच गेम उघडला. झेंडे फडफडले. खूश झाला.

मग दिसलं, टेकडीवर कुणीतरी पाठमोरं बसलंय. केस उडतायत.

त्या गेममध्ये तिथं कुणी बसलेलं नसतं.

खोलीत उकडायला लागलं. वर बघितलं. पंखा पाचवर. खिडकीचा पडदा ढिम्म. पंख्याखाली उभा राहिला. अंगाला वारा लागेना. काडी ओढली. फुंकर मारली.

ज्योत सरळ.

पुन्हा फुंकली...

सरळ.

नाकापुढं तळहात धरला. काही नाही. छाती भात्यासारखी वरखाली, पण आत... काहीच नाही.

स्क्रीनवर वादळ सुटलं होतं. बसलेली उठली. वळली.

"काका..."

आवाज समोरून नव्हता. मानेमागून.

ह्यानं कार्ड ओरबाडून काढलं नि तसाच अनवाणी पळत सुटला. दोन गल्ल्या. डोळ्यांपुढं अंधारी. बाई दारातच उभी होती.

"या. बसवा."

ह्यानं डबा उघडला, दुसरं कार्ड काढलं. कार्ड बसलं. गेम सुरू झाला. झेंडा हलला... आणि तेव्हा कुठं ह्याच्या छातीत हवा शिरली. तिथंच कोसळला. "ताई, परत दिलं बघा. माफ करा."

बाईनं दाराकडं बोट केलं. "मी काय माफ करणार? तिनं तुमचं सगळं परत दिलंय का, ते बघा आधी."

ह्याला वाटलं, श्वास आला, सुटलो.

मागल्या महिन्यात मी त्याला भेटायला गेले. दोघं गच्चीवर बसलो. वारा असा सुटलेला की माझे चार पांढरे केस सारखे तोंडावर येत होते. दोरीवरचे कपडे फडफडत होते. तो समोर बसून बोलत होता. ढगळ सदरा, मानेपर्यंत वाढलेले केस.

सदऱ्याला एक सुरकुती हलत नव्हती. डोक्यावरचा एक केससुद्धा नाही.